केतकरांनी प्लूटो ‘शोधला’ नाही

‘केतकरांनी १९११ मध्येच प्लूटो शोधला, श्रेय पाश्चात्त्यांनी लाटले,’ असा प्रतिसाद या थ्रेडखाली वारंवार येतो. त्याला जोडून पुरवणीही असते: आपले नवग्रह म्हणजे सूर्यमालेतील नऊ ग्रहांचे प्राचीन ज्ञान. दोन्ही विधाने चुकीची आहेत. पहिले तर केतकरांवरच अन्याय करणारे आहे.

नवग्रहांचे आधी उरकू. त्या नवांत सूर्य आणि चंद्र आहेत, राहू-केतू हे चंद्रमार्गाचे छेदनबिंदू आहेत. पृथ्वी मात्र नाही. आमच्या भंडाऱ्यात वैनगंगेच्या काठावरून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतात ते आजच्या अर्थाचे पाचच.

आता व्यंकटेश बापूजी केतकर. पेशाने शिक्षक, व्यासंगाने गणिती. मे १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे ‘ब्रह्मा’ व ‘विष्णू’ असे दोन ग्रह असावेत, असे मांडले. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे. १९३० मध्ये क्लाईड टॉमबॉ यांना सापडलेल्या प्लूटोचे आकडे सुमारे ३९.५ पट आणि २४८ वर्षे. साम्य थक्क करणारे आहे, हे निर्विवाद. परंतु गुरूच्या उपग्रहांत लाप्लासला आढळलेला गतींचा मेळ युरेनस-नेपच्यूनलाही लागू होतो, हे त्यांचे गृहीतकच टिकले नाही. शिवाय ब्रह्मा आकाशात नेमका कोठे, हे त्यांनी सांगितले नव्हते. मग दुर्बीण रोखायची कोणीकडे? याला भाकीत म्हणावे. शोध म्हणू नये.

आणि ‘ग्रह’ ही पदवी तरी कोठे स्थिर आहे? १८०१ मध्ये सापडलेला सेरेस काही दशके ग्रह होता, मग लघुग्रह झाला. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठरवले की, ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, गोलाकार असावे आणि आपली कक्षा इतर पिंडांपासून मोकळी केलेली असावी. तिसऱ्या अटीवर प्लूटो अडला. त्याच्या खुंटीला केतकरांची थोरवी टांगणाऱ्यांनी त्या दिवसानंतर काय करायचे?

पंचांगातील गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळलेच पाहिजे, यासाठी हा माणूस झटला. ‘ज्योतिर्गणितम्’ त्याच ध्यासातून आले. दृक्प्रत्ययाचा असा आग्रह धरणाऱ्याच्या नावाने, कधीच न सापडलेला ‘विष्णू’ गुपचूप वगळून, तेवढा ‘ब्रह्मा’ मिरवायचा?