पाहुणे होणेंही शिकावें लागतें

आमचें घर सिंदी (रेल्वे) येथें परान्नाविषयीं कडक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नागपूर-वर्धा आगगाडीच्या प्रवासांतही घरच्या दशम्या व लोणच्याची फोड यांखेरीज आम्हीं कांहीं तोंडांत घातलें नाहीं. तेच आम्ही गेल्या हिवाळ्यांत दुबई येथील एका साध्या फिलिपिनी खाणावळींत सहकुटुंब जेवून आलों, हें ऐकून आमच्या नित्य वाचकांस नवल वाटेल. म्हणून घडलें तें यथाक्रम सांगतों.

चिरंजीव नोकरीनिमित्त दुबईस असतात. आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों असतां सौभाग्यवतींचा पाय घसरला व खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली. इस्पितळांत रात्रपाळीस जी परिचारिका असे, ती फिलिपाईन्सची. एकीची भाषा दुसरीस येत नव्हती. तथापि वेणी घालण्यापासून तों पहिलें पाऊल टाकावयास लावण्यापर्यंत सारें तिनें पोटच्या मुलीप्रमाणें केलें. स्वतःची सहा वर्षांची लेक आईपाशीं ठेवून ती परमुलखीं राबत होती. घरीं परततांना आम्हीं कांहीं रक्कम पाकिटांत घालून देऊं केली. ती तिनें घेतली नाहीं. "एक दिवस सर्वांनीं माझ्यासंगें जेवावयास यावें," एवढेंच मागितलें.

आम्हीं साफ नकार दिला. त्या लोकांच्या भाजींतसुद्धां मासळीचें खारें पाणी असतें, असें ऐकून होतों. तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आठ दिवस तिच्या हातचें पाणी प्यालें, तेव्हां कांहीं विचारलें नाहींत. आतां तिचा घास तेवढा आड आला होय?" चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या आम्हांस या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं.

रविवारीं दुपारीं सतवा या वस्तींत गेलों. आठ-दहा मेजें, त्यांवर मेणकापडें, आणि भोंवतीं तिच्या देशचीं हसतीं-बोलतीं कुटुंबें. ती दारांत आली, आमचा उजवा हात घेऊन तिनें आपल्या कपाळास लावला. वडीलधाऱ्यांस वंदन करण्याची ही त्यांची रीत. नकळत आमच्या तोंडून आशीर्वाद निघून गेला.

पुढें आलें तें पाहून आम्ही थक्क झालों. ऊन भात, आणि लसूण-टोमॅटोच्या फोडणीचें मुगाचें घट्ट वरण! ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळांत त्यांच्यांतील भाविक शुक्रवारीं मांस वर्ज्य करतात, तेव्हां घरोघर हेंच मूग शिजतात. एरव्हीं त्यांतही कोळंबी पडते. परंतु तिनें आदल्या दिवशीं येऊन खाणावळवाल्यास बजावलें होतें व आज स्वतः चुलीपाशीं उभी राहून नव्या पातेल्यांत तें शिजवून घेतलें होतें. सोबत नारळाच्या दुधांतला भोपळा, आणि पातळ पारींत गुंडाळून साखरेसह तळलेलीं केळीं. नातवानें किसलेल्या बर्फाचें, दुधाचें व गोड घेवड्यांचें हालो-हालो मागविलें. नांवाचा अर्थच मुळीं कालवाकालव! आम्ही हातानें जेवतों हें पाहून तिनेंही चमचा-कांटा बाजूस ठेवला. त्यांचीही जुनी चाल तीच.

आम्ही शिक्षक होतों असें कळतांच ती म्हणाली, "म्हणजे गुरो!" त्यांच्या तगालोग भाषेंत शिक्षकास गुरो, चेहऱ्यास मुखा, आशेस आसा म्हणतात. संस्कृत शब्द समुद्र ओलांडून तेथवर गेले आहेत. त्या देशांत लगुना प्रांतीं १९८९ सालीं एक ताम्रपट सांपडला. त्यावर शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी मिति आहे. म्हणजे इसवी सन ९०० मध्यें तेथें आमच्या पंचांगांतला शक चालत होता! तो लेख आहे सोन्यांतील एक ऋण फिटल्याचा दाखला. आम्हींही तिला सांगितलें कीं, आमच्याच जिल्ह्यांतील पवनारच्या विनोबाजींस १९५८ सालीं मनिलाचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. मॅगसेसे हें नांव ऐकतांच तिचा चेहरा उजळला.

जेवण झालें. आम्ही खिशांत हात घालतों तोंच सौभाग्यवतींनीं तो धरला. पैसे तिनेंच दिले, आणि आम्हीं देऊं दिले. नंतर सौभाग्यवतींनीं पिशवींतून खण, नारळ व तांदूळ काढून भर खाणावळींत तिची ओटी भरली. ही तयारी त्यांनीं केव्हां केली, हें आम्हांस ठाऊकही नव्हतें. त्या मुलीला अर्थ कळला नसावा. पण पदर नाहीं म्हणून तिनें दोन्ही हातांची ओंजळ पुढें केली, आणि तिचे डोळे भरून आले.

वाचकहो, अतिथीचा सत्कार कसा करावा हें आपण मुलांना शिकवितों. परंतु दुसऱ्याच्या दारीं अतिथि होऊन, तो देईल तें प्रेमानें घेण्यासही मन मोठें लागतें, हा धडा आम्हांस साठी उलटल्यावर मिळाला. आमचा नेम आजही आहे; वर्ज्य तें आम्हीं तेथेंही खाल्लें नाहीं. पण पाकीट पुढें करून ऋण फेडण्याची आमची घाई हा नेम नव्हता, तो अहंकार होता. ताम्रपटावर लिहून फिटलेलीं ऋणें असोत. हें मात्र आमच्या घरावर राहो.