रविवारी दार उघडं ठेवा

चौतीस वर्षं मी कोल्हापूरच्या शाळांतून चित्रकला शिकवली. चित्रकार मातिसचं ‘नृत्य’ मुलांना दाखवायची ते जुन्या दिनदर्शिकेतून कापलेल्या वीतभर छापील चित्रावर. मूळ चित्र जवळजवळ चार मीटर रुंद आहे, हे कळावं म्हणून वर्गाच्या भिंतीवर हात फिरवून सांगायची, इथपासून पार त्या खिडकीपर्यंत.

हे चित्र मॉस्कोच्या सर्गेई श्चुकिन नावाच्या कापड व्यापाऱ्याने मुद्दाम सांगून करवून घेतलं. 1909 मध्ये त्याने पॅरिसच्या मातिसला आपल्या वाड्याच्या जिन्यासाठी ‘नृत्य’ आणि ‘संगीत’ ही दोन चित्रं रंगवायला सांगितली. किंमत ठरली 15,000 आणि 12,000 फ्रँक. पुढच्या वर्षी ती पॅरिसच्या प्रदर्शनात लागली आणि टीकाकार तुटून पडले. लालभडक नागडी माणसं, खाली हिरवं, वर निळं, बाकी काहीच नाही! श्चुकिन कचरला, चित्रं नाकारून परतीच्या गाडीत बसला. दोन दिवस, दोन रात्री प्रवास. तेवढ्यात त्याला स्वतःच्या भित्रेपणाची लाज वाटली आणि मॉस्कोहून त्याने मातिसला कळवलं, चित्रं पाठवा. पुढे ‘संगीत’मधल्या बासरीवाल्याची नग्नता त्याने थोडा लाल रंग लावून झाकली, ते मला आजही पटत नाही. पण चित्रं घरात आली.

त्याहून मोठी गोष्ट त्याने केली. रविवारी वाड्याचं दार लोकांसाठी उघडलं. रशियातल्या कितीतरी तरुण चित्रकारांनी पॅरिसला न जाता मातिस आणि पिकासो पाहिले ते याच घरात. क्रांतीनंतर 1918 मध्ये सरकारने संग्रह ताब्यात घेतला. ही दोन्ही चित्रं आज हर्मिटाज संग्रहालयात आहेत.

आपल्याकडे पैसा नाही असं कोण म्हणेल? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार रझा 1950 मध्ये फ्रान्सला गेले आणि साठ वर्षं तिथे राहिले. त्यांचं ‘जेस्टेशन’ हे चित्र 2023 मध्ये मुंबईच्या लिलावात 51.75 कोटींना गेलं. माझ्या विद्यार्थ्यांनी मात्र रझांच्या चित्रातला काळा बिंदू पाहिला तो पुस्तकाच्या पानावर, नखाएवढा. कॅनव्हासवरचा काळा रंग किती खोल असतो, हे छापील पानावर कसं कळणार?

परदेशातल्या चित्रकाराशी बोलणी करून, पैसे मोजून, पेट्यांत बांधून चित्रं आणणारे लोक आपल्या महाराष्ट्रातही आहेत. त्यांना माझं एकच मागणं आहे. महिन्यातून एक रविवार दिवाणखान्याचं दार उघडा. मुलं मी घेऊन येते. चपला बाहेर काढतील, हात मागे बांधून उभी राहतील, कशालाही बोट लावणार नाहीत.