कागद कशाचा की कशासाठी?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि विषय तसा रुक्षच आहे... दुकानाच्या फायली! घरच्यांना यातली अर्धी गोष्ट माहीत आहे. त्यांनी उरलेली अर्धी वाचावी.

खामगावला आमचं बी-बियाण्यांचं दुकान. २०१९ मध्ये बाबा गेले आणि गल्ल्यावर मी बसलो. बाबांच्या फायली विषयवार. कपाशी, सोयाबीन, उधारी, प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि एक 'महत्त्वाचे'. कुठला कागद कुठे, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. मीही तसेच कागद लावत गेलो.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. आमच्याकडचे एक जुने शेतकरीही आले. तक्रारीला बिल हवं, कारण त्यावर लॉट नंबर असतो. त्यांचं बिल पावसात भिजलेलं. "भाऊ, नक्कल भेटन का?"

सोयाबीनची फाईल पाहिली, कंपनीची पाहिली. नाही! तीन आठवड्यांनी बिल सापडलं ते उधारीत, कारण निम्मे पैसे बाकी होते. तोवर त्यांनी दुबार पेरणी उरकली होती. शेतात पाहणी करायला काही उरलंच नव्हतं. बियाण्याचा दोष कुणाचा ते राहू द्या, तक्रार हुकली ती माझ्यामुळे.

आमचे एक काका निवृत्त तलाठी. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, एका शेताचे सगळे कागद आम्ही एका गठ्ठ्यात बांधतो का?" खरंच की! फेरफार गाव नमुना ६ मध्ये, हक्क ७ मध्ये, पिकं १२ मध्ये. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो या दोन नमुन्यांची जोडी. शेत एकच, पण काम वेगळं म्हणून वही वेगळी. सरकारी कचेरीतली सहा गठ्ठे पद्धतही तशीच. कार्यवाही चालू असलेलं, उत्तराची वाट पाहणारं, ठरावीक मुदतीने पाठवायचं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात द्यायचं आणि नष्ट करायचं.

माझं म्हणणं एवढंच, की कागदाचे विषय चार असू शकतात. ते बिल सोयाबीनचं होतं, कंपनीचं होतं, उधारीचंही होतं. पण त्याचं मूळ काम एकच, विक्रीची नोंद. विषय लावणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि त्याच्याबरोबर जातो. काम मागे राहिलेल्यालाही कळतं.

शिवाय काम कळलं की कागद किती दिवस ठेवायचा तेही कळतं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. बियाणं, खत, कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे, पण परवान्याचं काम एकच. 'सोयाबीन' किती वर्षं ठेवायचं, सांगा बघू?

भाऊ म्हणतो, "एका गिऱ्हाइकाचं सगळं एकत्र नको का?" हवं ना. त्यासाठी तलाठ्याकडे ८-अ असतो. खातेदाराच्या नावावर त्याच्या जमिनींची यादी. मीही नावाप्रमाणे वही केली आहे. तिच्यात फक्त बिलांचे नंबर, बिलं विक्रीच्या फायलीत तारखेने.

ते शेतकरी अजून आमच्याकडेच येतात. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त बिल हातात पडलं की माझ्यासमोरच मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतात.

त्यावर मी काय बोलणार...