कथेचा लगाम कोणाच्या हाती?

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या दाट वस्तीतला चाकरमानी सकाळी धावतपळत लोकल गाठतो आणि चर्चगेटपर्यंत जाण्यायेण्यात रोजचे तीनएक तास घालवतो. या प्रवासात तो सोबत्यांशी हिरिरीने वादही घालतो. वादाचा विषय दर वेळी महागाई किंवा पाणीटंचाई असतोच असे नाही. पुष्कळदा तो आदल्या रात्री पाहिलेल्या एखाद्या अद्भुतरम्य मालिकेचा असतो. त्या राणीने शरण आलेले नगर का जाळले? इतका शहाणा मंत्री एकाएकी मूर्खासारखा का वागू लागला? कथा आधी वर्षानुवर्षे रेंगाळली आणि शेवटी धावत का सुटली? हे ऐकून पक्षाच्या निष्ठावान कार्यकर्त्याला विषाद वाटतो. ज्यांना आपल्या पगाराचा हिशेब मालकाला विचारण्याची उसंत नाही, त्यांनी कल्पित राजाराण्यांच्या हेतूंचा हिशेब मांडत बसावे, ही त्याला जनतेची दिशाभूल वाटते.

हा विषाद समजण्याजोगा असला तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सामान्य माणूस जेव्हा ‘हे पात्र असे का वागले?’ असे विचारतो, तेव्हा तो सत्ताधाऱ्याच्या कृतीमागचा हेतू तपासत असतो. ‘कथा एवढी घाईने का संपवली?’ असे विचारतो, तेव्हा दुसऱ्याने परस्पर घेतलेल्या निर्णयाचा जाब मागत असतो. लोकशाहीला नागरिकाकडून याहून वेगळे काय हवे असते?

वस्तुतः हेतूविषयीची आणि गतीविषयीची अशा या दोन तक्रारी नाहीत. ती एकच तक्रार आहे. माणसाचे मन पालटायला काळ लागतो. तो काळ कथेने दिला नाही, तर खरा हेतूदेखील खोटा वाटतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या जगभर गाजलेल्या अमेरिकन मालिकेचे २०१९ साली हेच झाले. तिच्या पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग होते. सातव्यात सात आणि अखेरच्या आठव्यात अवघे सहा. गुलामांच्या बेड्या तोडणारी डेनेरिस शेवटच्या टप्प्यात राजधानीतील निरपराध प्रजेला जाळते, हे प्रेक्षकांना पटले नाही. अखेरचे पर्व नव्याने करावे, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मुक्तिदाता जुलमी होऊ शकतो, हे इतिहास जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. प्रेक्षकांचा आक्षेप त्या परिवर्तनावर नव्हता. ते घडताना दाखवले नाही, यावर होता. आणि वाहिनीची अधिक भागांना तयारी असताना आवरते घेण्याचा निर्णय निर्मात्यांचा होता. सह्या दहा लाख झाल्या, तरी एक प्रसंगही बदलला नाही.

या घटनेशेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहावी. ती याच भूमीवरची आहे. विरारहून उत्तरेला जाणाऱ्या लोहमार्गावर डहाणू, घोलवड ओलांडल्यावर उंबरगाव येते. १९६० पर्यंत हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १९४५ साली उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध, म्हणजे स्वतःच्या वेळेवर जमीनदाराने सांगितलेल्या हक्काविरुद्ध, ऐतिहासिक लढा दिला. त्याच उंबरगावात पुढे चार दशकांनी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रण झाले. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ती दूरदर्शनवर दिसू लागली. रस्ते ओस पडत. एका संचासमोर अख्खी चाळ बसे. अनेक समीक्षकांना मालिकेचा संथपणा असह्य झाला. एकेका संवादानंतर सभेतील प्रत्येकाचा चेहरा न्याहाळत कॅमेरा फिरे. पण त्या संथपणातच प्रेक्षकाला विचार करायला अवकाश मिळत होता. कैकेयी दुष्ट की पुत्रमोहाने आंधळी? दोष मंथरेचा की वचनात अडकलेल्या दशरथाचा? रविवारच्या भागावर आठवडाभर घरोघरी खल चाले.

प्रारंभी बावन्न भागांना मिळालेली मान्यता वाढत जाऊन ३१ जुलै १९८८ रोजी अठ्ठ्याहत्तराव्या भागाशी मालिका थांबली. ती रामाच्या राज्याभिषेकाशी संपणार हे स्पष्ट झाल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला. वाल्मीकींना गुरुस्थानी मानणाऱ्या या समाजाला उत्तरकांड हवे होते. कारण तिथेच वाल्मीकी स्वतः कथेत येतात, टाकून दिलेल्या सीतेला आश्रय देतात आणि तिच्या मुलांना वाढवतात. संप उत्तरेतील इतर काही शहरांत पसरला, कचऱ्याचे ढीग साचले, आणि शासनाला पुढील भागांना मान्यता द्यावी लागली. या संपामागची प्रेरणा श्रद्धेची होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचे साधन श्रमिकाचे होते. ज्यांना समाज उंबऱ्याबाहेर उभे करत आला, त्यांनी कथा कुठे संपावी हे संघटित होऊन सांगितले आणि राज्यसंस्थेला ते ऐकावे लागले. दहा लाख सुट्या सह्यांना जे साधले नाही, ते झाडू खाली ठेवणाऱ्या हातांना साधले.

त्याच काळात महाराष्ट्रात हेतूंचाच दुसरा वाद पेटला होता. राज्य शासनाने १९८७ साली डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचा चौथा खंड प्रकाशित केला. त्यातील ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथाच्या परिशिष्टात राम आणि कृष्ण यांच्या वर्तनाची कठोर चिकित्सा होती. परिशिष्ट वगळावे म्हणून मोर्चे निघाले. ते राहावे म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर परिशिष्ट राहिले आणि शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप त्याला जोडण्यात आली. रविवारी सकाळी पडद्यावर कैकेयीला प्रश्न विचारणे हे कौतुकाचे ठरत होते. तोच प्रश्न रामाला विचारणे हा अपराध ठरत होता. कोणत्या पात्राचा हेतू तपासायचा आणि कोणत्या पात्राला त्यातून सूट द्यायची, हेही सत्ताच ठरवत असते, याचा इतका उघड पुरावा क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राची परंपरा ही सूट मान्य करणारी नाही. ‘गुलामगिरी’त १८७३ साली जोतीराव फुल्यांनी वामनाच्या हेतूची झडती घेऊन बळीची बाजू मांडली. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ यांनी महाभारतातील पात्रांना माणसे मानून त्यांच्या वागण्याची कारणे शोधली. आणि या साऱ्यांच्या कितीतरी आधीपासून जात्यावर बसलेल्या बायांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाऊन तिची बाजू घेतली होती. त्यांना कोणाची संमती लागली नाही. जाते त्यांच्या हातात होते आणि ओवीचा वेगही.

म्हणूनच जालंधरच्या विजयाची मर्यादाही पाहिली पाहिजे. ऑक्टोबर १९८८ पासून ‘उत्तर रामायण’ आले. कथेला वाढीव काळ मिळाला. पण त्यात सीता स्वतःच वनात जाण्याचा आग्रह धरते. त्यागाचा निर्णय तिच्या माथी मारून मालिकेने रामाला दोषमुक्त केले. काळ लोकांनी मिळवला, हेतू मात्र निर्मात्याच्याच हाती राहिला. पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, तो जात्यावरच्या बायांनी केव्हाच विचारलेला होता.

आज ही स्थिती अधिक बिकट आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घातलेली सोंगे रात्र रात्र नाचतात. तिथे सोंग किती वेळ रंगावे हे भोवती जमलेला गावच ठरवतो. कीर्तनकार श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आख्यान आवरतो वा फुलवतो. दूरदर्शन शासनाचे होते, म्हणून निदान दाद मागायला एक दार होते. खासगी वाहिन्यांच्या काळात मालिकेचा वेग जाहिरातीच्या दरावर ठरतो. प्रेक्षकसंख्या चढती असेल तर मेलेले पात्र उठून बसते. घसरली की वर्षभर विणलेले कथानक आठवड्यात गुंडाळले जाते. त्या पात्राच्या वागण्याला मग हेतू उरत नाही; उरतो तो फक्त वाहिनीचा हेतू.

या वेगाखाली आणखी कोणी दबलेले असते. विरारहून मुंबईकडे येताना तिसरे स्थानक नायगाव. तिथल्या परिसरात मालिकांचे सेट उभे राहतात. रोज एक भाग दाखवायचा तर तो रोज तयार व्हावा लागतो. प्रकाशयोजना सांभाळणारे, सुतार, रंगारी, वेशभूषेचे कामगार आणि लहान भूमिका करणारे नट बारा बारा तासांच्या पाळ्या करतात आणि मोबदल्यासाठी महिनोन्‌महिने थांबतात. ऑक्टोबर २००८ मध्ये पश्चिम भारतातील सिनेकामगारांच्या महासंघाने वेतन आणि कामाच्या तासांसाठी काम बंद ठेवले. पुढच्याच महिन्यात तंटा चिघळून वाहिन्यांवर जुने भाग पुन्हा दाखवण्याची पाळी आली. २०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. एका मालिकेवर किमान किती लेखक असावेत आणि त्यांना किमान किती आठवडे काम मिळावे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती, आणि ती बऱ्याच अंशी मान्य झाली. पात्राचे मन सावकाश उलगडायचे तर लेखकाला आठवडे मिळाले पाहिजेत, हे व्याकरण त्या संपाने जगासमोर ठेवले. प्रेक्षक ज्याला ‘कथेची गती’ म्हणतो, त्यालाच कामगार ‘कामाचे तास’ म्हणतो.

तेव्हा कार्यकर्त्याने लोकलमधल्या या वादाकडे पाठ फिरवू नये. अभ्यासवर्गाचे परिपत्रक वाचायला दहा माणसे जमत नाहीत अशा वस्तीत, एका मालिकेच्या शेवटावर पन्नास माणसे तावातावाने बोलतात. त्यांना ‘हे सोडा आणि वर्गलढ्याकडे वळा’ असे सांगणे म्हणजे पेटलेली चूल विझवून काडेपेटी शोधायला निघणे होय. त्यांनी सुरू केलेलाच प्रश्न एक पायरी पुढे न्यावा. राणीने नगर का जाळले, हे विचारणाऱ्याला तिचा हेतू कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी ठरवला, हे विचारायला लावावे. कथा घाईने संपली म्हणून हळहळणाऱ्याला ती घाई कोणाच्या पाठीवरून हाकली गेली, हे दाखवावे. मनवेलपाड्यात असा सेटवर राबणारा शेजारी शोधायला फार लांब जावे लागणार नाही. प्रेक्षक आणि तो कामगार एकाच डब्यातून प्रवास करतात. त्यांची गाठ घालून देणे, एवढे काम कार्यकर्त्याने अंगावर घ्यावे.