पैसा कुणाचा, तेही छापा

जयसिंगपूरच्या स्टँडजवळ मी पेपर विकतो. पहाटे गठ्ठा सोडला आणि पहिल्या पानभर साखर कारखान्याची जाहिरात दिसली, की ऊसदराची बातमी आत शोधावी लागते. इथल्या ऊस परिषदेला मैदान भरतं, बातमी मात्र तळाला दोन कॉलम!

पेपरात पैसा लावणं वाईट नाही. आमचं गाव वसवणाऱ्या शाहू महाराजांनीच १९२०मध्ये निघालेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पत्राला अडीच हजार रुपये दिले होते. तो पैसा मुक्यांना बोलतं करायला होता. पण पैसा कुणाचा, हे कळायला हवं. पक्षांना देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांत देणाऱ्यांची नावं झाकलेली होती. म्हणून सुप्रीम कोर्टानं ते रोखे १५ फेब्रुवारी २०२४ला रद्द केले. पेपरमागचा पैसाही असाच उघडा करा. मालक कोण, त्याचा कारखाना कुठला, पक्ष कुठला, रोज पहिल्या पानावर ठळक छापा. सुटे पैसे मोजून पेपर नेणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकाचा तो हक्कच आहे.