पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?

'ट्रॅक्टरवाली पाचाची नोट द्या, लाखो रुपये न्या.' शेंद्र्यात ही जाहिरात कुणाच्या मोबाइलवर आली नाही सांगा! आमच्या एमआयडीसीतल्या एका पोराला असाच 'खरेदीदार' भेटला. आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग म्हणे रिझर्व्ह बँकेची परवानगी. दिवाळीचा बोनस गेला, नोट घरातच.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय, आम्ही असल्या व्यवहारात नाही, फी-कमिशन मागत नाही. तरी जाहिराती चालूच. आणि लोक हसतात कुणाला? फसलेल्याला! जाहिरातीचे पैसे खाणाऱ्या ॲपवाल्यांना कोण विचारणार?

खरंच मोलाचं नाणं असेल तर विका की. (शेतात सापडलेलं असेल तर आधी कलेक्टर ऑफिस, तिथे कायदा वेगळा.) पण विकणारा पैसे घेतो, देत नाही. पैसे यायला ना पिन लागतो, ना क्यूआर स्कॅन करावा लागतो. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. चेक भरला म्हणजे वटला असंही नाही. रक्कम दोन लाखांच्या वर असेल तर आरटीजीएस मागा, स्वतःच्या खात्यात जमा दिसू द्या, मगच वस्तू हातातून सोडा.

फसलातच तर त्याच मिनिटाला १९३० लावा. आमचं पोरगं लोक हसतील म्हणून चार दिवस गप्प बसलं.