वीज-अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम कोणाच्या सोयीचा?

‘वीज हा तज्ज्ञांचा विषय आहे, त्यात राजकारण आणू नका,’ असे सत्ताधाऱ्यांनी म्हणावे यात नवल नाही. नवल आहे ते आपल्याच गोटात हे वाक्य निमूटपणे मान्य केले जाते याचे. वीजबिलांची होळी करायला आपण पुढे असतो. पण त्याच बिलातला स्थिर आकार आणि वहन आकार आला कोठून, असे कोणी विचारले की ‘ते अभियंत्यांना विचारा’ म्हणून मोकळे होतो. त्या अभियंत्याला विद्यापीठात काय शिकवले जाते आणि काय शिकवले जात नाही, हे तपासण्याचे कष्ट मात्र आपण घेतलेले नाहीत.

विद्युत शक्ती प्रणालीचा विद्यार्थी न्यूटन-राफसन पद्धतीने भारप्रवाहाचे गणित सोडवतो, वाहिनीवरील बिघाडाचा प्रवाह काढतो, रिले कशी बसवावी आणि जनित्रांचा ताल कसा टिकवावा हे शिकतो. हे ज्ञान खरे आहे, कठीण आहे आणि समाजाला अत्यावश्यक आहे. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड कोसळून साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. ती ग्रीड पुन्हा उभी करणाऱ्यांना हेच गणित येत होते. तेव्हा तंत्रज्ञानाची टवाळी करणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. सौरऊर्जा आली, आता जुन्या ग्रीडशास्त्राचे काम काय, असे म्हणणाऱ्यांशीही नाही. सौरपट्ट्यांत फिरणारे जड चक्र नसते, सूर्य मावळतो त्याच वेळी मागणी चढते. हे शास्त्र आज पूर्वीपेक्षा अधिक लागणार आहे.

आक्षेप वेगळा आहे. या अभ्यासक्रमात ‘अनंत बस’ नावाची एक कल्पना आहे. कितीही भार घाला, जिचा विद्युतदाब आणि वारंवारता हलत नाही अशी ही आदर्श ग्रीड. गणितापुरती ती सोयीची आहे. पण ज्याच्या शेतावरची डीपी जळून आठ-आठ दिवस बदलून मिळत नाही, त्या शेतकऱ्याची ओळख या विद्यार्थ्याला चार वर्षांत कोणी करून देत नाही. त्याच्या आकृतीत गाव म्हणजे एक बाण. त्या बाणाला ‘भार’ म्हणतात.

हा बाण कधी तोडायचा, हेही त्याला शिकवतात. मागणी वाढून वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागली की ठरावीक टप्प्यावर रिले काही फिडर आपोआप तोडते आणि उरलेली ग्रीड वाचते. उत्तम! पण कोणता फिडर आधी? ते रिले ठरवत नाही, कार्यालयात बसलेली माणसे ठरवतात. नेहमीच्या भारनियमनाची यादीही तशीच होते. महाराष्ट्रात महावितरणने गळती आणि वसुली यांच्या प्रमाणावर विभागांचे गट पाडले आणि वसुली कमी तितका अंधार अधिक, असा न्याय लावला. नियमित बिल भरणारी विधवाही शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात बसली. मुंबई महानगर मात्र बहुतांशी या यादीबाहेर राहिले. हा निर्णय तांत्रिक म्हणायचा की वर्गीय? प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न येत नाही.

याहून गंभीर उदाहरण दाभोळचे आहे. ‘किफायतशीर भारवाटप’ या प्रकरणात विद्यार्थी शिकतो की, प्रत्येक जनित्राचा वाढीव इंधनखर्च समान होईल असा भार वाटावा म्हणजे एकूण खर्च किमान होतो. या समीकरणात स्थिर खर्चाला स्थान नसते, आणि गणिताच्या दृष्टीने ते योग्यच आहे. संच चालवा न चालवा, तो खर्च व्हायचाच. एन्रॉनचा लाभ नेमका याच न शिकवलेल्या जागेत होता. १९९३च्या वीजखरेदी करारात क्षमतेपोटीचे देणे वीज उचलली नाही तरी मंडळाच्या गळ्यात होते, आणि तेही डॉलरशी बांधलेले. १९९९मध्ये वीज येऊ लागली. महाग म्हणून मंडळाने ती कमी उचलली, तसा युनिटमागचा दर आणखी चढला. २००१मध्ये प्रकल्प बंद पडला. कराराचे परीक्षण करून इशारे देणारे अभ्यासक पुण्यात होते, मंडळाच्या कामगार संघटनांतही होते. परंतु हजारो पदवीधर अभियंत्यांपैकी किती जणांना वीजखरेदी करार वाचण्याचे शिक्षण मिळाले होते?

‘अभ्यासक्रमात राजकारण घुसवू नका’ असे म्हणणाऱ्या प्राध्यापकांना एक आठवण द्यावीशी वाटते. १९४३ साली युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, तेव्हा वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, आणि ती स्वस्त व मुबलक कशी होईल, हे प्रश्न त्यांनी सुरुवातीलाच मांडले. वीज खाते मजूर सदस्याकडे होते, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९८३पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पीक आले. यंत्रांची आणि उच्चदाबाची प्रयोगशाळा उभारणे खर्चाचे. संगणकांची खोली स्वस्त आणि शुल्क तेवढेच. शिक्षणसम्राटांनी कोणते दुकान थाटले हे सांगायला नको. कर्ज काढून शिकलेल्या मुलाने सार्वजनिक सेवेचा विचार करावा, ही अपेक्षा ठेवायची तरी कोणत्या तोंडाने?

४ जानेवारी २०२३ रोजी भांडुप, ठाणे, नवी मुंबई परिसरात अदानी समूहाने मागितलेल्या समांतर वितरण परवान्याविरुद्ध तीसहून अधिक संघटनांचे अभियंते आणि कामगार एकत्र संपावर गेले. सरकारला त्याच दिवशी चर्चेला बसून आश्वासन द्यावे लागले. संपाची ताकद ही अशी. परंतु परवान्याचा निर्णय विद्युत नियामक आयोगापुढे होतो आणि तेथे घोषणा चालत नाहीत, आकडे लागतात. भरभक्कम बिल भरणारा ग्राहक खासगी कंपनीने वेचून नेला तर शेतीपंपाच्या सवलतीचा बोजा कोणावर किती पडेल, हे फिडरनिहाय मांडून दाखवावे लागते.

हे काम अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. उपकेंद्रातून फिडरवर किती युनिट गेले, मीटरांवर किती मोजले गेले, आणि मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर अंदाजाने किती घातले गेले, एवढा हिशेब त्याने एका फिडरपुरता करावा. पंपांचा अंदाज जितका फुगवावा तितकी गळती कागदावर घटते, ही किमया त्याला पहिल्याच महिन्यात उमगेल. असा प्रकल्प पदवीसाठी ग्राह्य धरावा आणि वीजखरेदी करार व दरनिश्चिती हा विषय सक्तीचा करावा, ही मागणी आपल्या विद्यार्थी आघाडीने विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांपुढे रेटली पाहिजे.

तोवर थांबण्याचे कारण नाही. वीज कामगार संघटनांच्या मदतीने तालुक्याच्या गावी अभ्यासवर्ग सुरू करता येतील. ते मराठीतून चालावेत, महिन्याचे वीजबिल आणि आयोगाचा दर आदेश ही पाठ्यपुस्तके असावीत, आणि वेळ अशी धरावी की लाइनमनला पाळी संपवून येता येईल. फिडर कोठे तुटतो हे त्याला ठाऊक आहे. शिकवायला पहिला उभा तोच राहील.